विष, मेण आणि कोंबड्याचा तुरा

त्वचारोगतज्ज्ञांच्या ट्रेमध्ये दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक बोटभर उंचीची काचेची कुपी आणि एक कारखान्यातूनच भरून आलेली सिरिंज. लोकांच्या बोलण्यात मात्र दोन्हींचे नाव एकच झाले आहे. 'बोटॉक्स करून आले' असे सांगणाऱ्या कित्येकींना प्रत्यक्षात सिरिंजमधले जेल दिलेले असते. पार्लरच्या पाटीवर 'हेअर बोटॉक्स' लिहितात, त्यात तर बोटुलिनमचा, म्हणजे बोटॉक्समधल्या मूळ औषधाचा, अंशही नसतो. खरे पाहता कुपी आणि सिरिंज यांचे काम वेगळे, कूळ वेगळे आणि धोकेही वेगळे आहेत. कुपीतले औषध स्नायूला काही महिने गप्प बसवते. भुवया आक्रसल्या की मधे पडणाऱ्या उभ्या आठ्या, कपाळावरच्या आडव्या रेषा, हसताना डोळ्यांच्या कडेला उमटणाऱ्या सुरकुत्या हे त्याचे क्षेत्र. सिरिंजमधले जेल, म्हणजे फिलर, जागा भरून काढते. नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी, बसलेले गाल, पातळ ओठ ही त्याची कामे.

कुपी उजेडात धरली तर जवळजवळ रिकामी दिसते. तळाला पांढुरका पापुद्रा असतो, पण तो म्हणजे मानवी रक्तातले अल्ब्युमिन आणि मीठ. मूळ औषध त्यात मिसळलेले असते, पण नजरेला पडणार नाही इतके. १०० युनिटांच्या बोटॉक्सच्या कुपीत ते सुमारे ५ नॅनोग्रॅम भरते, म्हणजे एका ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले पाच. ही कुपी २ ते ८ अंश तापमानात जपायची, वापरायच्या वेळी तिच्यात सलाइन सोडायचे, फेस न येऊ देता हलक्या हाताने फिरवायची आणि बारीक सुईने मोजून घ्यायची. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागी चार-चार, एकूण २० युनिटे. युनिट म्हणजे काय, तर टोचल्यावर उंदरांच्या गटातले निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक कपाळात टोचून घेऊन माणूस तासाभरात कामाला लागतो, हे ज्या ज्ञानामुळे शक्य झाले ते गोळा व्हायला जवळपास दोनशे वर्षे लागली. सिरिंजमधल्या जेलच्या मागेही शंभर वर्षांच्या चुका उभ्या आहेत. या दोन वस्तूंचा माग काढत मागे गेले की दोन्ही वाटा एकाच दारात येतात, आणि ते दार सौंदर्योपचारांचे नाही. ते डोळ्यांच्या दवाखान्याचे आहे.

वाइन्सबर्गचा डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये एक आजार वरचेवर दिसू लागला. नेपोलियनच्या युद्धांनी खेडी नागवली होती, आणि पोटाची खळगी भरण्यापुढे अन्नाच्या स्वच्छतेला कोण विचारतो? डुकराचे रक्त, यकृत आणि चरबी जठराच्या पिशवीत भरायची, शिजवायची, धुरी द्यायची आणि पुरवून पुरवून खायची ही तिकडची रीत. असे सॉसेज खाल्लेल्या काही माणसांच्या पापण्या जड होत, एकाचे दोन दिसे, तोंडाला कोरड पडे, घास गिळता येत नसे, आवाज बसे. मग हातपाय लुळे पडत आणि शेवटी श्वास थांबे. शुद्ध मात्र अखेरपर्यंत शाबूत राहायची. माणूस सगळे समजत-उमजत जायचा.

युस्टिनुस केर्नर हा तिथल्या वाइन्सबर्गचा सरकारी वैद्यकीय अधिकारी. जर्मन साहित्यात तो कवी म्हणून ओळखला जातो, पण वैद्यकाच्या इतिहासात त्याची जागा या आजारामुळे आहे. गावोगावच्या रोग्यांची टिपणे त्याने जमवली. १८२० मध्ये ७६ रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८२२ मध्ये १५५ रोग्यांवर आधारलेला ग्रंथ. बिघडलेल्या सॉसेजचा अर्क काढून त्याने तो मांजरे, ससे, बेडूक, पक्षी यांना दिला. तेवढ्यावर न थांबता त्याने काही थेंब स्वतःच्या जिभेवर घेतले, आणि टाळू व घसा कोरडा पडल्याची नोंद केली.

जंतूंमुळे रोग होतात हे अजून सिद्ध झाले नव्हते त्या काळात केर्नरने काढलेले निष्कर्ष आजही जवळजवळ जसेच्या तसे टिकले आहेत. हे विष हवा न पोचणाऱ्या जागी तयार होते, अत्यल्प मात्रेतही मारते, आणि मज्जातंतूंकडून स्नायूंकडे व ग्रंथींकडे जाणारा निरोप तोडते, असे त्याने लिहिले. त्यापुढचे पाऊल सर्वांत धाडसाचे होते. मोठ्या मात्रेने जे थांबते ते अगदी छोट्या मात्रेने नुसते शांत करता येईल, असे त्याने सुचवले. आपोआप झटके देणारे हातपाय, अति घाम, अति लाळ अशा विकारांवर हे विष औषध म्हणून वापरता येईल अशी त्याची कल्पना होती. काखेच्या अति घामासाठी याच विषाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००४ मध्ये. मधे १८२ वर्षे गेली.

हॅम, युद्ध आणि तिरळा डोळा

विष कुठून येते हे कळले ते बेल्जियममध्ये. १४ डिसेंबर १८९५ रोजी एलझेल गावात एका अंत्ययात्रेत वाजवायला गावचे बँडपथक गेले होते. वाजवून झाल्यावर जेवण होते, जेवणात न शिजवलेला खारवलेला हॅम होता. तो खाल्लेले ३४ वादक आजारी पडले आणि तिघे दगावले. गेंट विद्यापीठातले प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी, जे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकले होते, उरलेला हॅम आणि मृतांच्या शरीरातले नमुने तपासले. त्याच डुकराचे दुसरे मांस खाऊन कोणाला काही झाले नव्हते, तेव्हा जनावर रोगी नव्हते हे उघड झाले. हॅममध्ये त्यांना एक जंतू सापडला, ज्याला वाढायला हवा चालत नाही. हा जंतू स्वतः शरीरात शिरून मारत नाही. तो अन्नात वाढताना जे विष सोडतो ते मारते, आणि ते विष उष्णतेने नष्ट होते, हे त्यांनी दाखवून दिले. डबाबंद अन्नाला ठरावीक तापमान ठरावीक वेळ द्यायचे, हे आजचे शास्त्र याच समजेवर उभे आहे.

दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानाला वेगळे गिऱ्हाईक मिळाले. शत्रू हे विष हत्यार म्हणून वापरील या भीतीने अमेरिकेने मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिक इथे त्यावर संशोधन सुरू केले. तिथे १९४६ मध्ये कार्ल लामाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाचे 'ए' रूप स्फटिकाच्या स्वरूपात वेगळे काढले. शुद्ध स्फटिक हाती आल्यावर मात्रा मोजणे शक्य झाले. याच केंद्रात काम करणारे एडवर्ड शांझ पुढे अनेक वर्षे जगभरच्या संशोधकांना शुद्ध विष पुरवत राहिले. १९४९ मध्ये अर्नल्ड बर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाची कामाची जागाही शोधली. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूला आक्रसण्याचा निरोप देते, ते सुटणेच हे विष बंद करते. विष त्या टोकातले एक प्रथिन कापते आणि म्हणून रसायनाच्या पिशव्या उघडतच नाहीत, हे १९९० च्या दशकात उलगडले. तंतू मरत नाही, नुसता मुका होतो. तीन-चार महिन्यांत यंत्रणा पूर्ववत होते. म्हणूनच सुरकुत्यांचे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, आणि म्हणूनच एखादी पापणी चुकून खाली आली तरी कालांतराने ती वर येते.

या विषाला रोग्याच्या अंगात नेण्याचे धाडस केले सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी. ते नेत्रतज्ज्ञ. डोळ्याला फिरवणारे सहा स्नायू असतात, त्यांतला एखादा जास्त ओढत असला की डोळा तिरळा दिसतो. त्यावरचा इलाज म्हणजे शस्त्रक्रिया, आणि ती अनेकदा पुन्हा करावी लागे. जास्त ओढणारा स्नायू सुईने सैल करता आला तर, या विचाराने त्यांनी एकामागून एक रसायने तपासली. बोटुलिनम वापरून पाहण्याची वाट डॅनियल ड्रॅकमन यांच्या प्रयोगांनी दाखवली आणि विष दिले शांझ यांनी. १९७३ मध्ये माकडांवरचे निष्कर्ष आले, १९८० मध्ये माणसांवरचे. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार, या दोन्हींसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २९ डिसेंबर १९८९ रोजी मान्यता दिली. तेव्हा औषधाचे नाव होते ऑक्युलिनम. १९९१ मध्ये ॲलर्गन कंपनीने ते घेतले आणि बोटॉक्स हे नाव दिले.

पापण्यांच्या त्या विकाराबद्दल थोडे सांगायला हवे. दृष्टी उत्तम असते, पण डोळे उघडे राहत नाहीत. माणूस रस्ता ओलांडू शकत नाही, वाचू शकत नाही, गाडी चालवू शकत नाही. डोळस असून आंधळा. अशा माणसांना पापण्यांभोवतीच्या काही टोचण्यांनी तीन महिने डोळे उघडे मिळू लागले. बोटॉक्सचा पहिला पराक्रम हा आहे, आणि माझ्या लेखी तो अजूनही सर्वांत मोठा आहे.

व्हँकुव्हरची तक्रार

कॅनडातल्या व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स याच विकारावर उपचार करत. त्या नेत्रतज्ज्ञ, स्कॉट यांच्याकडे या उपचाराचे धडे घेतलेल्या. त्यांचे पती ॲलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. १९८७ च्या सुमारास एक रुग्ण जीन यांच्यावर नाराज झाली. या वेळी तुम्ही भुवयांच्या मधे टोचलेच नाही, ही तिची तक्रार. तिथे तर स्नायू आक्रसत नाहीत, मग कशाला, असे विचारल्यावर तिने सांगितले की तिथे टोचले की चेहरा निवांत, काळजी मिटल्यासारखा दिसतो. घरी नवऱ्याशी हे बोलणे झाले. ॲलेस्टर यांच्याकडे भुवयांमधल्या आठ्या घालवायला येणाऱ्यांसाठी तोवर खात्रीचा इलाज नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दवाखान्यातल्या स्वागतिकेने पहिले इंजेक्शन घेतले.

पुढची काही वर्षे त्यांना स्वयंसेवक मिळवायला कष्ट पडले. विषाचे नाव काढले की लोक मागे सरत. जीन यांनी स्वतः टोचून घेतले आणि आपले कपाळ लोकांना दाखवले. १९९२ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, त्यात १८ रुग्ण होते. एप्रिल २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी २०१३ मध्ये, कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २०१७ मध्ये.

त्या रुग्ण बाईच्या तक्रारीला मी फार महत्त्व देतो. तिला सुंदर दिसायचे होते असे म्हणून ती मोडीत काढता येत नाही. आपल्या कपाळावर सतत आठ्या असल्या की समोरचा आपल्याला रागावलेला, त्रासलेला समजतो. आपण तसे नसतो, पण आपला चेहरा आपल्याबद्दल खोटे बोलत असतो. हे दुःख खरे आहे. सुरकुत्यांवर इलाज करून घेणाऱ्याला नटवे, उथळ ठरवण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती मला पटत नाही. ज्याचे कपाळ, त्याचा निर्णय. माझा आग्रह एवढाच आहे की तो निर्णय डोळे उघडे ठेवून व्हावा.

मेणाचे नाक

आता सिरिंजची वाट. चेहऱ्यावरचा खळगा भरून काढायची पहिली नोंदलेली धडपड १८९३ ची. जर्मनीतल्या कील शहरात गुस्टाव नॉयबर यांनी रोग्याच्या दंडातली चरबी काढून डोळ्याजवळच्या खोल व्रणाखाली बसवली. चरबी स्वतःचीच, त्यामुळे शरीर ती परकी मानत नाही, पण बरीचशी विरघळून जाते. टिकाऊ काहीतरी हवे होते.

१८९९ मध्ये व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक रोबेर्ट गेर्झुनी यांनी क्षयामुळे वृषण गमावलेल्या एका तरुणाला खनिज जेली टोचून वृषणाचा आकार दिला. परिणाम समाधानकारक दिसताच युरोप-अमेरिकेत पॅराफिन टोचण्याची लाट आली, आणि तिचे मुख्य लक्ष्य होते नाक. उपदंशाने त्या काळी हजारो माणसांची नाके मधोमध बसत, आणि ते नाक म्हणजे बदनामीचा शिक्का असे. नाक नव्याने उभे करण्याची शस्त्रक्रिया होती. तिची एक शाखा आपल्या पुण्याची. टिपूच्या शिपायांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाची कातडी फिरवून नाक बसवले. त्याची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पण त्या इलाजात कपाळावर व्रण राहायचा आणि वेदना सोसावी लागायची. मेणाची सुई म्हणजे ना चीर, ना व्रण, अर्ध्या तासात नाक. लोक तिकडे धावले यात नवल नाही.

मेण बसल्या जागी बसून राहिले नाही. शरीराने त्याच्याभोवती गाठी बांधल्या, त्वचा लाल-जांभळी पडली, फुटली. मेण सरकत खाली उतरले. पॅरिस आणि लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात रूपासाठी गाजलेल्या ग्लॅडिस डीकन या अमेरिकन तरुणीने बाविशीच्या सुमारास नाकाची रेषा सरळ करण्यासाठी मेण टोचून घेतले, ते पुढे हनुवटीकडे सरकले आणि चेहरा कायमचा विद्रूप झाला. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली, पण नाक दुरुस्त झाले नाही. याहून भयंकर एक नोंद आहे १९०३ ची. नाकात पॅराफिन टोचल्यावर एका रोग्याचे दोन्ही डोळे गेले. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मेणाची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर द्रव सिलिकोनने घेतली. मूळ औद्योगिक वापरासाठी बनवलेले हे तेल जपानमध्ये स्त्रियांच्या स्तनांत टोचले गेले, मग अमेरिकेत. पुन्हा गाठी, पुन्हा सरकणे, पुन्हा विद्रूपता. १९७० च्या दशकात नेव्हाडा राज्याने ते टोचणे हा गुन्हाच ठरवला. टोचलेले सिलिकोन परत बाहेर काढता येत नाही, ही त्यातली खरी शोकांतिका. ज्या पदार्थाला परतीची वाट नाही तो चेहऱ्यात घालू नये, हा धडा मेण आणि सिलिकोन यांनी मिळून शिकवला, आणि तो शिकवण्यासाठी कितीतरी चेहरे बळी पडले.

गाईचा डोळा, कोंबड्याचा तुरा

१९८१ मध्ये अमेरिकेत झायडर्म या कोलॅजेनच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. कोलॅजेन हे त्वचेला आधार देणारे प्रथिन, इथे गाईगुरांच्या कातडीतून काढलेले. सुमारे तीन टक्के लोकांना त्याची ॲलर्जी होई, म्हणून आधी हातावर टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. परिणाम काही महिनेच टिकायचा. तरीही ओठ भरून घेण्याची प्रथा डॉक्टरांच्या खुर्चीत रुळली ती कोलॅजेनच्या काळातच.

कोलॅजेनला मागे सारणाऱ्या पदार्थाचा जन्म मात्र फार आधी, १९३४ मध्ये झाला होता. जर्मनीहून अमेरिकेत आलेले कार्ल मेयर आणि त्यांचे सहकारी जॉन पामर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातल्या काचद्रवाचा अभ्यास करत होते. बुबुळामागचा हा पारदर्शक रस असा दाट कसा राहतो, हे शोधताना त्यांना साखरेच्या घटकांची एक लांबच लांब साखळी सापडली. तेच हायल्युरॉनिक आम्ल. ते पाणी धरून सब्जाच्या दाण्यासारखे फुगते. पुढे कळले की ते आपल्या त्वचेत, सांध्यात, नाळेत, सगळीकडे असते. सत्तर किलोच्या माणसात सुमारे १५ ग्रॅम, आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडते आणि नव्याने बनवते. गाय असो, कोंबडा असो वा माणूस, रेणू तोच. म्हणून शरीर त्याला परका मानत नाही.

हंगेरीत जन्मलेले एंड्रे बालाश यांनी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून अत्यंत शुद्ध रूपात काढले. तुरा मांसल आणि ताठ असतो तो याच द्रव्यामुळे. स्वीडनच्या फार्मेसिया कंपनीने १९८० मध्ये ते हीलॉन नावाने बाजारात आणले, आणि त्याचे पहिले मोठे काम पुन्हा डोळ्यातच होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नेत्रपटलाच्या आतल्या नाजूक पेशींना धक्का न लागता कृत्रिम भिंग बसवायला जागा मिळावी म्हणून हे जेल डोळ्यात भरतात. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना गुडघ्यात 'जेलचे इंजेक्शन' देतात तेही याच घराण्यातले.

त्वचेत टोचले तर मात्र नैसर्गिक रूपातले हे द्रव्य दोन-चार दिवसांत नाहीसे होते. उप्साला इथल्या क्यू-मेड कंपनीने दोन गोष्टी केल्या. कोंबडा सोडून जंतूंच्या किण्वनातून ते बनवले, म्हणजे प्राण्याच्या प्रथिनांची ॲलर्जी टळली. आणि साखळ्या एकमेकींना रसायनाने जोडून जाळे तयार केले, म्हणजे शरीराला ते मोडायला महिने लागू लागले. रेस्टिलेन नावाने ते १९९६ मध्ये युरोपात आले, डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत सुरकुत्यांसाठी आणि २०११ मध्ये ओठांसाठी मान्य झाले. ओठांसाठी वापरायच्या सिरिंजमध्ये बहुधा एक मिलिलीटर जेल असते, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा जेलने ओठांची कड उठते आणि रेषा पुसट होतात. ओठ दिवसभर हलतात, म्हणून तिथले जेल इतर ठिकाणांपेक्षा लवकर विरते.

या जेलचा सर्वांत मोठा गुण मात्र टिकण्यात नाही, विरघळण्यात आहे. हायल्युरॉनिडेज नावाचे विकर टोचले की ते काही तासांत विरघळू लागते. हे विकरही नेत्रतज्ज्ञांच्या रोजच्या ओळखीचे. डोळ्याभोवती दिलेली भूल नीट पसरावी म्हणून ते वापरत आले आहेत. मेणाला आणि सिलिकोनला नसलेली परतीची वाट या जेलला आहे.

धमनी

परतीची वाट असली तरी तिथवर पोचायला वेळ थोडाच असतो. भुवयांमधल्या आणि नाकाच्या बाजूच्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक चुकून धमनीत शिरले आणि दट्ट्या जोराने दाबला तर जेल रक्ताच्या उलट दिशेने मागे ढकलले जाते. दाब सुटताच रक्ताबरोबर पुढे जाऊन ते दृष्टिपटलाच्या धमनीत अडकते. रक्त मिळाले नाही तर दृष्टिपटल तास-दीड तासात कायमचे निकामी होते. १९०३ मध्ये मेण ज्या वाटेने गेले असणार, तीच ही वाट. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या किंवा अधू झाल्याच्या ९८ घटना जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून एकत्र केल्या होत्या. त्यांत सर्वाधिक घटना भुवयांमधल्या जागेच्या आणि त्याखालोखाल नाकाच्या होत्या. त्या आढाव्याच्या लेखकांत एक नाव आहे जीन कॅरुथर्स यांचे. ज्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी चेहऱ्याच्या सुईला जगभर मान मिळवून दिला, त्यांनीच तिच्या सर्वांत मोठ्या धोक्याची मोजदाद करायला हात लावला. विद्येशी इमान राखणे ते हेच. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही डॉक्टरांना आणि लोकांना या धोक्याची जाहीर सूचना दिली. अशा घटना दुर्मीळ आहेत. पण ज्याचा डोळा जातो त्याला आकडेवारीचा काय उपयोग?

कुपीच्या बाजूलाही असा एक प्रसंग घडला. २००४ मध्ये फ्लोरिडात चार माणसांना प्रयोगशाळेसाठी बनवलेले, माणसात वापरायची परवानगी नसलेले विष सुरकुत्यांसाठी टोचले गेले. त्यांत टोचणारा स्वतःही होता. चौघेही लुळे पडून श्वसनयंत्रावर गेले. पापण्या मिटल्या, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना. केर्नरने १८२२ मध्ये लिहिलेली सगळी लक्षणे पुन्हा हजर झाली. माकडांवरच्या अभ्यासातून माणसासाठी घातक मात्रा काही हजार युनिटांची असावी असा अंदाज काढतात. कपाळाला २० युनिटे पुरतात. योग्य कुपी आणि योग्य मात्रा असेल तर दोन्हींमध्ये भरपूर अंतर आहे. कुपीत काय आहे हेच माहीत नसेल तर ते अंतर शून्यावर येते.

आपल्याकडे बोटुलिनम हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत ते सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या ताठरलेल्या पोटऱ्यांत, लिहिताना हात आखडणाऱ्यांच्या मनगटात, मान वाकडी होणाऱ्यांच्या स्नायूंत दिले जाते. त्याच कुपीला सणासुदीच्या सवलतीत, लग्नसराईच्या पॅकेजमध्ये, फेशियलच्या जोडीला विकायला ठेवणे मला मान्य नाही. किंमत कमी केली म्हणून माझी तक्रार नाही. सवलतीच्या भाषेत मात्रा, धमनी आणि परतीची वाट या तीन गोष्टींना जागा राहत नाही, ही तक्रार आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर टोचणे हा गुन्हा आहे. कोवळ्या वयाच्या ओठांना सुईची गरज नसते हे कायद्याने सांगायची वेळ तिथे आली. ती आपल्यावर येऊ नये यासाठी पालकांनी आणि डॉक्टरांनी आधीच बोलायला हवे.

केर्नरच्या जिभेवरच्या थेंबापासून मेणाने बिघडलेल्या नाकांपर्यंत, एलझेलच्या तीन मृतांपासून त्या ९८ जणांच्या डोळ्यांपर्यंत, प्रत्येकाने या सुईबद्दल आपल्याला काहीतरी शिकवले आहे. ते शिक्षण खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हक्काचे आहे. म्हणून इंजेक्शनच्या आधी चार प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. औषधाचे नाव काय, आणि कुपी किंवा सिरिंजचे सील माझ्यासमोर उघडणार का? किती युनिटे, किती मिलिलीटर, नेमके कुठे? टोचणाऱ्याचे वैद्यकीय शिक्षण कोणते? आणि फिलर असेल तर हायल्युरॉनिडेज आत्ता, याच खोलीत आहे का? ज्याला याची उत्तरे देता येत नाहीत किंवा द्यायला सवड नाही, त्याच्या हाती आपला चेहरा देऊ नये. मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लावलेली असोत.